एकीच्या फोनवर चालतं, दुसरीच्या नाही

 

आज इतिहास सांगणार आहोत, पण तो राजेरजवाड्यांचा नाही. जेमतेम तीस वर्षांचा आहे आणि आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये रोज घडतो. गटाच्या बैठकीत एक लिंक येते, प्रशिक्षणाचा व्हिडिओ असतो. चौघींच्या फोनवर तो छान चालतो. पाचवीला नुसता काळा चौकोन दिसतो. सहावीला आवाज येतो, चित्र नाही. सातवीच्या फोनवर चाक फिरत राहतं. मग जिच्या फोनवर चालत नाही तिला ऐकावं लागतं, "ताई, तुम्हाला मोबाईल जमत नाही." टाळेबंदीत तर एका गटातल्या तिघींची प्रशिक्षणाला चक्क गैरहजेरी लागली. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय हजेरीचं बटण येत नव्हतं आणि त्यांच्या फोनवर व्हिडिओ सुरूच होत नव्हता. त्यांनी मुकाट्याने मान्य केलं की आपल्यालाच येत नाही. तसं नव्हतं. कसं ते समजायला थोडं मागे जाऊ या.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने ते मुंबईसारख्या मोजक्या शहरांत सुरू केलं. त्याआधी ते संशोधन संस्थांपुरतंच होतं. त्यातली एक मोठी संस्था जुहूला होती, तिचं नाव एनसीएसटी. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट इन' असतं ना, त्या नावांची नोंद बरीच वर्षं या संस्थेकडे होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि आज सी-डॅकचं आवार आपल्या खारघर स्टेशनसमोर रेनट्री मार्गावर आहे. भाजीची पाटी घेऊन लोकल गाठायला पळणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींनी तिकडे मान वळवून पाहिलं असेल कोण जाणे.

त्या सुरुवातीच्या दिवसांत फोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट एवढाच मजकूर येई. हिशेब करून बघा, दहा एमबीचा व्हिडिओ उतरवायला सव्वादोन तासांच्या वर लागले असते. तेही घरात मधेच कोणी फोनचा रिसीव्हर उचलला नाही तर. त्यामुळे ब्राउझर बनवणाऱ्यांनी व्हिडिओचा विचारच केला नव्हता. ब्राउझर म्हणजे ज्या ॲपमधून आपण वेबसाइट उघडतो ते: क्रोम, फायरफॉक्स, सफारी, ऑपेरा. त्याला तेव्हा अक्षरं दाखवता येत आणि फोटो दाखवता येत. संपलं.

मग व्हिडिओ दाखवायचा कसा? घरची चूल लहान असली की लग्नाला बाहेरचा आचारी बोलावतात, तसं झालं. बाहेरची कंपनी एक छोटा प्रोग्राम देई, तो ब्राउझरला जोडायचा. रिअल प्लेअर हा असा एक आचारी, त्याने १९९७ मध्ये व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचा विंडोज मीडिया दुसरा, ॲपलचा क्विकटाइम तिसरा. पण प्रत्येकाची भांडी वेगळी. एकाच्या पातेल्यात दुसऱ्याचं शिजत नसे. ज्यांनी तेव्हा सायबर कॅफेत मुलांचे निकाल पाहिले असतील त्यांना आठवेल, बऱ्याच साइटच्या तळाशी लिहिलेलं असे की हे पान अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल. म्हणजे दुकानदारानेच पाटी लावायची, अमुक पिशवी आणणाऱ्यालाच माल मिळेल. ही सवय तिथून लागली, आणि आमच्या मते ती अजून पुरती सुटलेली नाही.

या गोंधळात फ्लॅश नावाचा आचारी सगळ्यांना पुरून उरला. १९९६ मध्ये तो हलती चित्रं काढण्यासाठी आला होता, २००२ पासून व्हिडिओही दाखवू लागला. २००५ मध्ये यूट्यूब निघालं. त्यावरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाचा, फक्त १९ सेकंदांचा. तो तरुण म्हणजे यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम. ते हत्ती जगाने फ्लॅशमधून पाहिले. काही वर्षं असं वाटलं की भांडण मिटलं. जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर फ्लॅश होता.

पण एका आचाऱ्यावर सगळं गाव अवलंबून राहिलं की तो आजारी पडल्यावर काय? फ्लॅश जड होता, बॅटरी खायचा आणि त्यातल्या फटींतून व्हायरस शिरत. २००७ मध्ये आयफोन आला तो फ्लॅशशिवाय. २०१० च्या एप्रिलमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून सांगितलं की आम्ही फ्लॅश घेणार नाही. इकडे २००७ मध्येच ऑपेरा ब्राउझर बनवणाऱ्या नॉर्वेतल्या कंपनीने वेगळी वाट सुचवली होती. बाहेरचा आचारी नकोच, ब्राउझरनेच व्हिडिओ दाखवावा. फोटो दाखवतो तसाच.

कल्पना सगळ्यांना पटली आणि इथूनच खरी भाऊबंदकी सुरू झाली.

ती समजायला आपलाच लोणच्याचा डबा घेऊ. डब्यावर 'एमपी४' असं लिहिलेलं असतं. पण ते नुसतं झाकणावरचं नाव. आत कैरी आहे की लिंबू, ते झाकणावरून कळत नाही. व्हिडिओ फार मोठा असतो, म्हणून तो दाबून लहान करून डब्यात भरतात. दाबायच्या पद्धती वेगवेगळ्या. २००३ मध्ये आलेली एच.२६४ ही पद्धत उत्तम होती, पण तिचे हक्क बऱ्याच कंपन्यांकडे होते. जो ती आपल्या वस्तूत घालेल त्याने पैसे भरायचे. ॲपलला ते जड नव्हतं. फायरफॉक्स बनवणारी मोझिला म्हणाली, आम्ही ब्राउझर फुकट वाटतो, प्रत्येक प्रतीमागे पैसे कुठून आणू? आणि उद्या गावातल्या एखाद्या मुलीने स्वतःचा ब्राउझर बनवला तर तिनेही भरायचे का? त्यांनी थिओरा नावाची फुकट पद्धत घेतली. ॲपल आणि नोकियाने तिला विरोध केला. वेबचे नियम लिहिणाऱ्यांनी दोन-अडीच वर्षं समजूत घातली आणि शेवटी २००९ मध्ये हात टेकले. नियमात लिहिलं की ब्राउझरला व्हिडिओ दाखवता आला पाहिजे. कोणत्या पद्धतीचा, ती जागा कोरी सोडली.

ती जागा आजही कोरी आहे, मैत्रिणींनो. आपल्या बैठकीतला काळा चौकोन बऱ्याचदा त्या कोऱ्या जागेतून येतो. व्हिडिओ ठेवणाऱ्याने एकाच पद्धतीची फाइल ठेवली आणि आपल्या ब्राउझरला ती येत नसली तर तो बिचारा काय दाखवणार? यावर उपाय अगदी सोपा आहे. पानावर एकाच व्हिडिओच्या दोन-तीन फाइली ठेवता येतात. ब्राउझर वरून खाली बघत जातो आणि जी पहिली जमेल ती चालवतो. म्हणजे पाहुण्यापुढे भाकरीही ठेवायची आणि भातही. थोडी जागा जास्त लागते, थोडे कष्ट लागतात. ते कष्ट वाचवले की त्याची किंमत पाचवी बाई मोजते.

भांडण पुढेही चाललं. २०१० मध्ये गूगलने वेबएम नावाचा फुकट डबा आणला. ॲपलच्या फोनवर तो कितीतरी वर्षं उघडत नव्हता. २०११ च्या जानेवारीत गूगलने जाहीर केलं की क्रोममधून एच.२६४ काढून टाकू. बोलले, पण केलं काही नाही. २०१२ मध्ये मोझिलाने माघार घेतली. फोनमध्ये जी एच.२६४ ची सोय आधीच बसवलेली असते तीच वापरायची असं ठरवलं. तत्त्वासाठी ते पाच वर्षं अडून बसले होते, आम्हाला त्यांचं कौतुकच वाटतं. पण तोवर जगभरचे कॅमेरे, फोन, टीव्ही सगळे एच.२६४ वर गेले होते. म्हणून आजही ही पद्धत जवळपास प्रत्येक फोनवर चालते.

२०१५ मध्ये यूट्यूबने फ्लॅश बाजूला ठेवला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. २०१७ मध्ये जिओफोन आला. बटणांचा, स्वस्तातला, पण इंटरनेट असलेला. गंमत बघा, त्या फोनच्या आत कायओएस होतं आणि ते मोझिलाने मधेच सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसवरून बनलेलं. परदेशात अर्धवट राहिलेलं काम आपल्या बायांच्या पदराच्या गाठीत येऊन पोहोचलं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी पहिला व्हिडिओ असल्याच बटणांच्या फोनवर पाहिला.

आणि फ्लॅश? ३१ डिसेंबर २०२० ला तो कायमचा बंद झाला. तारीख साडेतीन वर्षं आधी, जुलै २०१७ मध्येच जाहीर झाली होती, तरी कितीजण गाफील राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे फॉर्म फ्लॅशमध्ये होते. त्यांना जानेवारी २०२१ मध्ये फक्त ते फॉर्म भरण्यासाठी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढावा लागला. सरकारी खात्याची ही गत, तर गटातल्या बाईने लाजायचं कशाला?

आता त्या तिघींकडे येऊ. त्यांचं पान अगदी नव्या ब्राउझरसाठी लिहिलेलं होतं. तिघींच्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून ब्राउझर तीन-चार वर्षं अपडेटच झाला नव्हता. लग्नाचे जुने व्हिडिओ आणि सुप्रभातचे फोटो काढून टाकले, प्ले स्टोअरमधून क्रोम अपडेट केलं आणि पान उघडलं. पान बनवणाऱ्याने एखाद्या जुन्या फोनवर एकदा जरी तपासून पाहिलं असतं तर ही वेळ आली नसती. तिघींनी गटाच्या लेटरहेडवर तसं लिहून दिलं आणि हजेरी लावून घेतली.

सहावीचा आवाज येतो, चित्र येत नाही, तिची गोष्ट वेगळी. डब्यात आवाज आणि चित्र वेगवेगळे भरलेले असतात. तिच्या ब्राउझरला आवाज उलगडता आला, चित्र नाही. हे बहुतेक एच.२६५ मुळे होतं. २०१३ मध्ये आलेली ही नवी पद्धत, व्हिडिओ आणखी लहान करते. २०१७ पासून आयफोन आणि पुढे बरेच अँड्रॉइड फोन तिच्यात शूटिंग करू लागले. पण हिच्यावरही हक्कांचे पैसे, म्हणून ब्राउझर कितीतरी वर्षं तिला उंबऱ्याबाहेर ठेवत होते. तोच व्हिडिओ व्हॉट्सअपवर मात्र चालतो, कारण व्हॉट्सअप पाठवताना तो बहुतेक वेळा पुन्हा दाबून जुन्या पद्धतीत बसवतं. म्हणून "व्हॉट्सअपवर तर दिसतोय" हे काही पुरावा म्हणून चालत नाही.

सातवीचं फिरणारं चाक. रेंज नसेल तर तेच कारण. पण शेजारणीला त्याच कंपनीची रेंज असून चाक फिरत असेल तर दोन गोष्टी बघायच्या. एक, डेटा सेव्हर चालू आहे का. दुसरी आपल्या हातात नाही. व्हिडिओच्या फाइलीला पुस्तकासारखी अनुक्रमणिका असते. फोनवर काढलेल्या व्हिडिओत ती बऱ्याचदा शेवटच्या पानावर असते. काही वेळा ब्राउझरला ती सापडेपर्यंत सगळी फाइल उतरवावी लागते. व्हिडिओ साइटवर चढवण्याआधी ती पुढे आणून ठेवता येते, चढवणाऱ्याला सांगायला हवं.

एक तक्रार हल्ली फार येते, की व्हिडिओ सुरू होतो पण आवाज नाही. २०१८ पासून क्रोमने आपोआप आवाजासकट सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली. जाहिराती उगाच ओरडायच्या म्हणून हे केलं, चांगलंच केलं. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं की आवाज येतो. आणि फेसबुकवरच्या लिंकचा व्हिडिओ मोठा होत नसेल, तर ते पान फेसबुकच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडलेलं असतं. वरच्या तीन ठिपक्यांतून ते क्रोममध्ये उघडायचं.

फोनची तारीखही बघत जा. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला की जुन्या फोनची तारीख कधी कधी मागे जाते. मग साइटची सुरक्षा तपासताना ब्राउझरचा गोंधळ होतो आणि पानच उघडत नाही.

सध्या नवी भांडणं एव्ही१ नावाच्या फुकट पद्धतीभोवती आहेत. २०१५ मध्ये गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट वगैरे कधीकाळचे वैरी एकत्र बसले आणि २०१८ मध्ये ती बाहेर आली. जुन्या फोनला ती उलगडताना घाम फुटतो. तेव्हा आगरी मसाल्याचा, पापडाचा, सुक्या मासळीचा व्हिडिओ साइटवर टाकणाऱ्या गटांनी निदान एक फाइल एमपी४ मध्ये, एच.२६४ ची ठेवा. शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'हाय एफिशियन्सी' किंवा 'एचईव्हीसी' लिहिलेलं बटण बंद करा. आयफोन असेल तर 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. हे आधी करा, नाहीतर पाच किलो मिरची पुन्हा कुटायला कोणी तयार होत नाही.