खोट्या शिकवणीची पारख

महाडचें नांव धर्मग्रंथाच्या परीक्षेशीं कायमचें जोडलें गेलें आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं तेथें मनुस्मृतीचें दहन झालें. एखादी शिकवण जुनी आहे एवढ्याचसाठीं ती मानावी काय, असा प्रश्न त्या दिवशीं उघड विचारला गेला. (योगायोगानें तो नाताळचा दिवस होता.) परंतु त्याच सावित्री नदीच्या मुखाशीं सुमारें शंभर वर्षें आधीं खऱ्याखोट्या शिकवणीचा दुसराच एक वाद येऊन पोंचला होता, त्याची आठवण आतां फारशी कोणी काढीत नाहीं.

महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री पोलादपूर व महाड यांवरून वाहत बाणकोटास समुद्राला मिळते. महाडचा व्यापार पूर्वीं याच खाडीच्या वाटेनें गलबतांतून चाले. १८२३ सालीं स्कॉटलंडांतील मिशनरी बाणकोटास येऊन राहिले. पुढें १८२९ सालीं जॉन विल्सन बाणकोट व हर्णै येथें मराठी शिकले आणि त्याच सालीं मुंबईस गेले. कोंकणांत कमावलेल्या या भाषेचा उपयोग लवकरच वादाकडे झाला. मोरभट्ट दांडेकरांनीं 'हिंदुधर्मस्थापना' हें पुस्तक लिहिलें, विल्सन यांनीं त्याला उत्तर दिलें, आणि मुंबईची सुशिक्षित मंडळी ती झुंज आवडीनें पाहूं लागली. त्या वादांत विद्वत्ता पुष्कळ होती. परंतु दोन्ही पक्षांचें एका गोष्टीविषयीं एकमत होतें: खोटी शिकवण म्हणजे समोरच्याची शिकवण.

बायबलाची अपेक्षा मात्र याहून अवघड आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत असा प्रसंग कल्पिला आहे कीं, एखादा संदेष्टा येतो, चमत्काराची खूण सांगतो आणि ती खूण खरीही ठरते. तरी तो अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचें ऐकूं नये. अशा वेळीं परीक्षा ऐकणाऱ्याच्या प्रेमाची होत असते, असें तेथें म्हटलें आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानें स्वतःलाही या नियमांतून वगळलें नाहीं. बिरुया गांवच्या लोकांची तर स्तुतीच केली आहे, कारण पौलाचें बोलणें खरें कीं काय, हें ते रोज शास्त्र उघडून ताडून पाहत. आतां हा नियम खरा मानला, तर ज्या मिशनऱ्यानें तें शास्त्र हातीं दिलें त्याच्या शिकवणीचीही पारख करण्याचा अधिकार नव्या शिष्याला मिळतो. शास्त्र देणाऱ्या हातांना हा निष्कर्ष नेहमींच रुचला असें नाहीं.

त्याचें सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राला पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत सांपडतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळांत राहावयास गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पतीचें निधन होऊन फार दिवस झाले नव्हते. परक्या मुलुखांत आसरा होता तो या भगिनींचाच. अशा स्थितींत मनुष्य आश्रयदात्याच्या मताला सहज मान डोलावतो. परंतु चेल्टनहॅम येथील कॉलेजांत असतां १८८५ च्या सुमारास रमाबाईंनीं त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं आणि येशूच्या अलौकिक जन्माविषयीं शंका घेतल्या, आणि ज्या भगिनी जेराल्डीन यांना त्या धर्ममाता मानीत, त्यांनाच पत्रांतून तसें स्पष्ट कळविलें. क्रुसावरील लेख लॅटिनमध्यें कां असावा, आमच्या लोकांना कळेल अशा संस्कृतांत कां नसावा, असेंही त्यांनीं विचारलें. पुरोहितांच्या शब्दापुढें माझी सदसद्विवेकबुद्धि गहाण टाकणार नाहीं, असा त्या साऱ्या पत्रव्यवहाराचा सूर आहे. तीं पत्रें १९७७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालीं असून आजही वाचणाराला चटका लावतात.

जेराल्डीनबाईंना खलनायिका ठरविणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. शतकानुशतकें अनेकांनीं वाद घालून ठरविलेला सिद्धांत एका नवशिक्या बाईनें दोन वर्षांत बाजूला सारावा, ही त्यांना पाखंडाची वाट वाटली. एकट्यानें ग्रंथ वाचणारा एकटाच चुकतो, ही त्यांची भीति पोकळ नव्हती. त्यांची चूक दुसरीच होती. शंका आणि अश्रद्धा त्यांनीं एकाच मापानें मोजल्या, आणि नम्रता म्हणजे आज्ञापालन असें गृहीत धरलें. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनीं याच शंकांशीं पुष्कळच सौम्यपणें आणि समजुतीनें व्यवहार केला.

ज्या स्त्रीनें वेदशास्त्रांच्या अधिकाराची पारख करून घर सोडलें, तिनें नव्या घरीं येतांच ती पारख बाहेर ठेवावी, ही अपेक्षाच विलक्षण! पुढें १९०७ च्या आपल्या साक्षींत रमाबाईंनीं लिहिलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म आधीं सांपडला, ख्रिस्त मागाहून. म्हणजे त्यांची पारख शेवटीं स्वतःच्याच भक्तीवर येऊन ठेपली.

१९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत जो धार्मिक उत्साह उसळला, त्याला कांहीं ख्रिस्ती मंडळींनींच भ्रम म्हटलें. आतां संशयाचें बोट बाईंकडे होतें. बाई मात्र आपल्या कामाकडे वळल्या. प्रचलित मराठी बायबलांतील कित्येक शब्दांना जुन्या देवधर्माची छटा चिकटली असून त्यामुळें अर्थ ढळतो, असें त्यांना वाटे. म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून नवें भाषांतर हातीं घेतलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या तेव्हां तें लिहून झालें होतें. १९२४ सालीं तें संपूर्ण प्रसिद्ध झालें, आणि त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यांत तेथल्याच बायकांनीं जुळविले होते.