दूरस्थ रुग्णनिरीक्षण : टेलिफोनच्या तारेपासून क्लाउडपर्यंत

मनगटावरच्या घड्याळाने नाडीचे ठोके मोजून मोबाइलवर पाठवले, की हे तंत्र तुम्हाला अगदी नवे वाटते. प्रत्यक्षात रुग्ण एका ठिकाणी आणि त्याची नोंद दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे.

नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाचे विद्युत् संकेत टिपणारे यंत्र तयार केले होते. ते इतके अवजड होते की रुग्णालयात नेणे अशक्य. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णांचे संकेतच टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेत आणले.

रुग्ण मात्र तारेला बांधलेलाच राहिला. अमेरिकेतील माँटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे बंधन सोडवले. सुमारे ३८ किलोचे रेडिओ उपकरण पाठीवर घेऊन हालचाल करणाऱ्या माणसाचा हृदयालेख त्यांनी मिळवला. ट्रान्झिस्टरमुळे पुढे हे उपकरण लहान झाले. आज रुग्णालयांत ‘होल्टर’ म्हणतात ते याचेच पुढचे रूप.

तिसरे बंधन वेळेचे होते. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरता येणारे संगणक. २००६ पासून अशा सेवा व्यापक प्रमाणात उपलब्ध होऊ लागल्या. आता घरातले रक्तदाबमापक आपली नोंद तेथे साठवते, आकडा मर्यादेबाहेर गेला की प्रणाली इशारा देते आणि डॉक्टर सवडीने मागील महिन्याचा आलेखही पाहू शकतात.

पण इशारा पाहणार कोण? २०२० च्या कोविड साथीत गृहविलगीकरणातील अनेक रुग्ण ऑक्सिमीटरवरचा आकडा फोनवरून कळवत. पलीकडे तो ऐकून खाटेची सोय करणारा माणूस असला, तरच त्या आकड्याचा उपयोग होई. त्याच वर्षी २५ मार्चला भारत सरकारने दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरला साहाय्य करू शकते. रुग्णाला सल्ला किंवा औषध मात्र नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचे, असे त्यांत स्पष्ट केले आहे.

तेव्हा अशा कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना उपकरण किती अचूक आहे, एवढ्यावर थांबू नका. रात्री दोन वाजता आलेला इशारा कोणाच्या जबाबदारीवर आहे, हेही विचारा. अंतर तंत्रज्ञानाने कमी केले; उत्तरदायित्व माणसांनाच ठरवावे लागते.