टॉमहॉकचं डोकं

कॅम्पिंगसाठी टॉमहॉक घ्यायचा म्हटलं की पात्याच्या मागे काय हवं, यावर गाडी अडते. साधी गोलाई, हातोडी, अणकुचीदार सुळका की चिलीम? माझं मत आधीच सांगून टाकतो : हातोडी. तंबूच्या खुंट्या ठोकता येतात, ढलप्या काढता येतात. सुळका दिसतो झकास, पण दमलेला माणूस लाकूड फोडत असताना त्याचं टोक त्याच्याच दिशेला असतं!

शब्द मूळचा व्हर्जिनियातल्या पाऊहॅटन लोकांच्या भाषेतला. युरोपियन व्यापाऱ्यांबरोबर लोखंडी डोकी आली. पट्टी दुमडून दांड्यासाठी भोक ठेवायचं, धारेला पोलादाचा तुकडा जोडायचा. दांडा आपल्या टिकावासारखा वरून सरकवायचा. पाचर लागत नाही, मोडला तर रानातच नवा तासून घ्यावा. चिलीमवाला प्रकार अठराव्या शतकातला. दांडा पोकळ, एकीकडे धार, दुसरीकडे तंबाखू. तहाच्या वेळी भेट द्यायला यासारखी वस्तू नाही.

डोक्याच्या आकारावरून कुरकुर करणारा सगळ्यात नामांकित माणूस म्हणजे मेरिवेदर लुईस. १८०४-०५चा हिवाळा लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने मिसूरी नदीकाठी, मँडन लोकांच्या शेजारी काढला. मका हवा होता, आणि मँडनांना हव्या होत्या युद्धाच्या कुऱ्हाडी. फेब्रुवारी १८०५मध्ये लुईसने त्या कुऱ्हाडीचं वर्णन लिहून ठेवलंय. पातं पातळ, सात ते नऊ इंच लांब. दांडा जेमतेम चौदा इंच. सगळं मिळून वजन साधारण एक पौंड. एवढं लांब पातं आणि एवढासा दांडा, म्हणजे घाव नेमका बसणार नाही, बसला तरी जोर नाही, असं त्याचं म्हणणं. भाल्याच्या पात्यासारखी जुनी तऱ्हा तर त्याला त्याहूनही गैरसोयीची वाटली.

तरी जॉन शील्ड्स या लोहाराने गिऱ्हाइकाला हवा तोच आकार घडवला. जळून निकामी झालेल्या पत्र्याचा चार इंची चौकोनी तुकडासुद्धा सात-आठ गॅलन मका मिळवून देत होता. शेजाऱ्यांशी शांततेनं राहा म्हणून उपदेश करणारे हेच लोक मक्यासाठी लढाईच्या कुऱ्हाडी घडवत होते. भूक मोठी वाईट. असो.

याच मोहिमेतला आणखी एक टॉमहॉक माझ्या डोक्यातून जात नाही. सार्जंट चार्ल्स फ्लॉइड ऑगस्ट १८०४मध्ये वाटेतच वारला. त्याचा टॉमहॉक क्लार्कला त्याच्या माणसांना परत द्यायचा होता, पण तो चोरीला गेला. जून १८०६मध्ये ड्रुइयार नेझ पर्स लोकांकडे तो मागायला गेला, तेव्हा तो ज्याच्याकडे होता तो माणूस मरणपंथाला लागला होता. त्याने तो चोराकडून विकत घेतला होता. घरच्यांना तो त्याच्याबरोबर पुरायचा होता, म्हणून ते सोडायला तयार होईनात.

दोन्हीकडे मेलेल्या माणसाचा हक्क! शेवटी क्लार्कने पाठवलेला एक रुमाल नि मण्यांचे दोन सर, आणि त्या माणसाच्या थडग्यावर रिवाजाप्रमाणे मारण्यासाठी नेझ पर्स सरदारांनीच दिलेले दोन घोडे, एवढ्यावर सौदा तुटला.