समुद्राला सातबारा नसतो : वाढवणच्या किनाऱ्याची गोष्ट

विषय जाहीर झाल्यावर एका मित्रानं मला विचारलं, "सर, कळंबला बसून किनाऱ्यावर व्याख्यान? आपल्याला समुद्राचं काय?" प्रश्न रास्त आहे. आपली घोड नदीसुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि आपलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. पण आपला कांदा मात्र पश्चिमेला जातो. मंचर, नारायणगावच्या बाजूचा निर्यातीचा माल न्हावाशेव्याच्या बंदरात जहाजावर चढतो. तेव्हा बंदराशी आपला संबंध आहे. त्या कांद्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

गोष्ट वाढवणची आहे. पालघर जिल्हा, डहाणू तालुका, मुंबईच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. इथला किनारा आपण सहलीला जातो तसा नुसत्या वाळूचा नाही, खडकाळ आहे. ओहोटी लागली की पाणी लांबवर मागं सरतं आणि काळ्या खडकांचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्या खडकांच्या कपारींत मासे, शेवंडं, खेकडे वाढतात. बाया कोयता घेऊन कालवं काढतात. सहा तासांनी त्याच जागी पुन्हा पाणी असतं.

म्हणजे बघा, नकाशावर आपण किनारा एका रेघेनं दाखवतो. प्रत्यक्षात तो पट्टा आहे, दिवसातून दोनदा समुद्राचा आणि दोनदा जमिनीचा. तिथल्या माणसाचं घड्याळही भरती-ओहोटीचं. उधाण कधी, भांग कधी, यावर त्याचं काम ठरतं. डोल नावाचं जाळं असतं. ते पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधतात, आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात आणून सोडतो. प्रवाह बदलला तर जाळं तेच, खुंट तेच, पण मासळी नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद इथंच येऊन अडतो.

आता इतिहास. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. या विचाराला कायद्याचं रूप यायला दहा वर्षं लागली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिलाच आपण बोलताना सीआरझेड म्हणतो.

त्याच सुमाराला डहाणूत ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र येत होतं. चिकूच्या बागा, खाजणं, वारली पाडे आणि मासेमारीची गावं असलेल्या तालुक्यात कोळसा जाळायचा. नर्गिस इराणी आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. तो खटला ते हरले. केंद्र उभं राहिलं. पण त्या भांडणातून एक गोष्ट पदरात पडली. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं सबंध डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक ठरवला गेला. उद्योगांसाठी कमाल ५०० एकर, आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा.

कागद झाला, पण अंमल करणार कोण? 'सँक्चुअरी'चे संपादक बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर १९९६ ला निकाल दिला. त्यानुसार त्या वर्षाच्या अखेरीस डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. देशात एका तालुक्यासाठी असं प्राधिकरण ही दुर्मीळ गोष्ट. वीज केंद्राच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश याच प्राधिकरणानं १९९९ मध्ये दिला आणि पुढं ती बसली. म्हणजे हरलेल्या खटल्याचंही काही फळ मिळालं.

वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव आला १९९७ मध्ये, पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या सहभागाचा. गावांनी विरोध केला. मच्छीमार तर होतेच, पण शेतकरी, बागायतदार, घरोघरी दागिन्यांचे साचे करणारे डायमेकर, सगळे आले. प्राधिकरणानं म्हणणं ऐकलं आणि सप्टेंबर १९९८ मध्ये सांगितलं, की असं बंदर या तालुक्यात मुळीच बसत नाही. विषय मिटला. निदान लोकांना तसं वाटलं.

२०१५ मध्ये तो परत आला. आता पुढाकार जवाहरलाल नेहरू बंदराचा आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा. या बाजूचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे, नाहीतर आपण वकिली करतोय, विचार नाही. मोठ्या कंटेनर जहाजांना खोल पाणी लागतं. वाढवणला किनाऱ्यापासून काही अंतरावर ती खोली निसर्गतः आहे. न्हावाशेव्यावरचा भार वाढतोय. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली तेव्हा खर्च सांगितला ७६,२२० कोटी रुपये आणि क्षमता वर्षाला २९.८ कोटी टन. रोजगाराचा सरकारी अंदाज १२ लाखांचा. ही काही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. पालघरच्या पोरांनाही नोकऱ्या हव्यात.

पण १९९८ चा निर्णय आड येत होता. तो दूर कसा झाला? इथं माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला फार रस वाटतो. २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं भूमिका घेतली, की बंदर हे 'उद्योग' या वर्गात मोडत नाही. बंधन उद्योगांवर होतं. बंदर उद्योग नसेल, तर बंधन कुठं आलं? खडक तिथंच होते, मासळीही तीच. बदलली ती एका शब्दाची व्याख्या. आम्ही वर्गात व्याख्या शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. त्यांना हे उदाहरण द्यायला हवं होतं.

न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले होते. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं, अटी घालून, बंदराला ना-हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये पर्यावरणाची जनसुनावणी झाली, एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता मुख्य मुद्दा. बंदराच्या बाजूनं वारंवार सांगितलं गेलं, की बंदर समुद्रात भराव घालून होणार, १,४४८ हेक्टर भराव, त्यामुळे बंदरासाठी गाव उठणार नाही. वाक्य खरं आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे: ज्याची जमीन गेली त्याचंच काही गेलं. आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे पटकन पटतं. नुकसान म्हणजे काय, तर सातबाऱ्यावरचं. समुद्राला सातबारा नसतो. डोलीचा खुंट रोवायच्या जागेला तिकडे 'कव' म्हणतात. कुठली कव कुणाची, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असतं. तलाठ्याच्या दप्तरात ते नसतं. खडकावर कालवं काढणाऱ्या बाईचं नाव कुठल्या उताऱ्यावर शोधणार?

सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहानं रोमन कायदा संकलित करवला. त्यात म्हटलंय, की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्रकिनारा या निसर्गतःच सर्वांच्या वस्तू आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर १९९६ मध्ये, बियास नदीच्या खटल्यात, या विचाराचा आधार घेतला: सरकार अशा संपत्तीचं मालक नाही, विश्वस्त आहे. उत्तम तत्त्व आहे. पण 'सर्वांचं' या शब्दाचे दोन अर्थ निघतात. एक, सर्वांचं म्हणून कुणीच ते मोडू नये. दुसरा, सर्वांचं म्हणून कुणा एकाची तक्रार चालायची नाही. वाढवणच्या लोकांची लढाई पहिल्या अर्थासाठी आहे, आणि दरवेळी त्यांच्यापुढं दुसरा अर्थ ठेवला जातो. त्यांची आंदोलनं, मोर्चे, पिढी बदलली तरी चालू राहिलेल्या बैठका म्हणजे एका परीनं तोंडी सातबारा आहे. आम्ही इथं आहोत, हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

आपल्याला हे परकं वाटू नये. आपल्या तालुक्याचं नाव ज्या आंबेगावावरून पडलं, ते गाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. जलाशयाला आपण महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचं नाव दिलं, ते योग्यच झालं. त्या पाण्यावर आपली शेतं पिकतात, माझ्या घरचीही. तिथल्या लोकांकडे निदान दाखवायला सातबारा होता, आणि तरी त्यांनी काय काय सोसलं, हे या सभागृहातल्या काहींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि आता तो कांदा. उद्या वाढवणला बंदर चालू झालं, तर आपला मालही कदाचित तिथून जाईल, चार पैसे जास्तही मिळतील. मी तुम्हाला कांदा पिकवू नका असं सांगायला आलेलो नाही. माझं मागणं लहान आहे. विकासाचा हिशेब मांडताना कागदावर नाव नसलेल्या माणसासाठी एक रकाना ठेवायचा की नाही, हे बंदर बांधणाऱ्यांइतकंच बंदर वापरणाऱ्यांनीही ठरवायचं असतं. आपण वापरणारे आहोत.

प्रश्न विचारायला आता वेळ आहे. विरोधातलेही विचारा, बरं का.