श्रुति-हार्मोनियम : स्वरमापनाचा एक प्रयोग

हार्मोनियम महाराष्ट्रात रुजले ते संगीत नाटकांच्या व भजनी मंडळींच्या आश्रयाने. त्याची स्वरपट्टी मात्र युरोपातील समविभाजित सप्तकाची होती. षड्जाची कंपनसंख्या 240 धरल्यास शुद्ध गंधार 300 वर येतो. समविभाजित पट्टीत तोच 302.4 च्या आसपास पडतो. दोन्ही एकदम वाजविल्यास सेकंदास दोनाहून अधिक विस्पंद उमटतात. तंबोऱ्याच्या षड्जातून निघणारा स्वयंभू गंधार ज्याच्या कानात मुरलेला आहे, त्यास ही विसंगती खटकणे स्वाभाविक होते.

या विसंगतीचे गणिती निराकरण करण्याचा यत्न निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला. बावीस श्रुतींविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध झाला. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साह्य त्यांना लाभले होते. मुलकी सेवेतील ई. क्लेमेंट्स यांनी हाच विचार पुढे नेला, आणि लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यातून श्रुति-हार्मोनियम सिद्ध झाले.

अशा वाद्याची जुळणी हे कौशल्याचे काम होय. पितळी रीड टोकाशी घासली असता स्वर चढतो, मुळाशी घासली असता उतरतो. प्रमाण-श्रुतीचे अंतर 81:80 एवढे अल्प असल्याने किंचित अधिक घासले तरी एका श्रुतीची दुसरी होते. शिवाय एवढे करूनही सर्व गुणोत्तरे एकाच षड्जाशी बांधलेली राहतात. गायकाने आपल्या गळ्यास मानवणारा दुसरा षड्ज घेतला की सारी मांडणी ढळते.

1916 साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा वाद ऐरणीवर आला. विष्णु नारायण भातखंडे यांचा कल व्यवहारात बारा स्वर पुरेसे मानण्याकडे होता. श्रुति-हार्मोनियमला सर्वमान्यता लाभली नाही. पुढे आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमलाच दूर सारले. हे निर्बंध 1971 पासून शिथिल होत गेले.

तथापि देवलांचा प्रश्न इतिहासजमा झाला असे मानणे चूक ठरेल. 1964 च्या सुमारास रॉबर्ट मूग यांनी विद्युत्‌दाबाने नियंत्रित होणारा दोलक वाद्यात योजला. त्यात एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. सुटे भाग आणून असा दोलक जोडणाऱ्या हौशी माणसासही अखेरीस लहानसा नियंत्रक फिरवून हे प्रमाण जुळवावे लागते. तापमान बदलले की स्वर ढळतो. येथे समविभाजित पंचम 0.5833 व्होल्टवर, तर शुद्ध पंचम 0.5850 वर येतो. प्रमाण-श्रुती सुमारे 0.018 व्होल्ट भरते. दाब सर्वत्र सारखाच मिळवून षड्ज बदलला तरी गुणोत्तरे अबाधित राहतात. रीडला जे साधले नाही, ते येथे साधते.

परंतु वादाचा दुसरा भाग उरतोच. दरबारी कानड्याचा गंधार एका बिंदूवर स्थिर नसतो. तो आंदोलित होतो. मापन स्वराचे स्थान सांगते, त्याची गती सांगत नाही. देवलांच्या प्रयोगाची मर्यादा हीच, आणि स्वराविषयीच्या विधानास मोजमापाची कसोटी लावण्याचा आग्रह हे त्याचे चिरस्थायी मोल होय.