क्षेपणास्त्राचा पल्ला : कागदावरचा, आकाशातला आणि संगणकावरचा

लढाऊ विमानांच्या खरेदीची अथवा हवाई चकमकीची बातमी आली, की तिच्यासोबत आकड्यांचा एक तक्ता हमखास छापला जातो. विमानाचा कमाल वेग, त्याने गाठलेली उंची, क्षेपणास्त्राचा पल्ला. दोन देशांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले, की श्रेष्ठ कोण हे ठरले, असा समज होतो. संगणकावरील हवाई युद्धाच्या खेळांनी हा समज अधिकच दृढ केला आहे. प्रत्यक्षात क्षेपणास्त्राचा पल्ला हा स्थिर आकडा नसून, परिस्थितीनुसार तो क्षणाक्षणाला बदलत असतो.

पल्ला कशावर ठरतो?

हवेतून हवेत मारा करणाऱ्या बहुतेक क्षेपणास्त्रांचे इंधन अवघ्या काही सेकंदांत जळून संपते. तेवढ्या अवधीत क्षेपणास्त्र ध्वनीच्या अनेक पट वेग गाठते आणि पुढचा सारा प्रवास या कमावलेल्या वेगाच्या पुंजीवर करते. हवेचा अवरोध ही पुंजी सतत खात असतो आणि लक्ष्याच्या मागे घ्यावे लागणारे प्रत्येक वळण तीत आणखी घट करते.

समुद्रसपाटीपासून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या जेमतेम एक-चतुर्थांश असते. त्यामुळे उंचावरून, वेगात असलेल्या विमानाने सोडलेले क्षेपणास्त्र दूरवर जाते. तेच जमिनीलगत सोडले तर त्याचा पल्ला कित्येक पटींनी घटतो. लक्ष्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. समोरून येणारे विमान स्वतःच अंतर कमी करीत असते, तर पाठ फिरवून पळणारे विमान ते वाढवीत असते. छापील आकडा बहुधा उंचावरच्या आणि समोरासमोरच्या, म्हणजे सर्वांत अनुकूल परिस्थितीतला असतो.

म्हणूनच वैमानिकांच्या दृष्टीने कमाल पल्ल्याहून दुसरे एक अंतर मोलाचे ठरते. लक्ष्याने तत्काळ वळून पूर्ण वेगाने पळ काढला तरी ते क्षेपणास्त्राच्या तावडीतून सुटू शकणार नाही, असे हे अंतर. ते कमाल पल्ल्यापेक्षा बरेच कमी असते. भारताच्या राफेल विमानांवरील ‘मिटिऑर’ या युरोपीय क्षेपणास्त्राचे वैशिष्ट्य येथेच आहे. त्याचे रॅमजेट इंजिन बाहेरची हवा घेऊन इंधन बेताबेताने जाळते. त्यामुळे अखेरच्या टप्प्यातही ते जोर धरू शकते आणि लक्ष्याला निसटण्यास वाव कमी राहतो.

व्हिएतनामचा धडा

कागद आणि आकाश यांतील अंतर किती महाग पडते, हे अमेरिकेला व्हिएतनाम युद्धात कळले. यापुढे विमाने दुरूनच क्षेपणास्त्रांनी लढतील, या विश्वासापोटी ‘एफ-४ फँटम’च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना आतून बसवलेली तोफही नव्हती. परंतु १९६५ ते १९६८ या काळात अमेरिकी वैमानिकांनी डागलेल्या दर १० क्षेपणास्त्रांमागे सरासरी एकच विमान पडत होते.

कारणे अनेक होती. ‘स्पॅरो’ हे क्षेपणास्त्र सरळ उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांसाठी कल्पिलेले होते. समोर मात्र चपळ मिग विमाने आली. शत्रूचे विमान डोळ्यांनी ओळखल्याखेरीज मारा करू नये, अशा नियमांमुळे दुरून मारा करण्याचा लाभ गेला. दमट हवा आणि हाताळणीतील धक्के यांनी नाजूक विद्युत-यंत्रणा बिघडत. वैमानिकांनाही क्षेपणास्त्र नेमके केव्हा डागावे, याचे पुरेसे शिक्षण नव्हते. नौदलाचे अधिकारी फ्रँक ऑल्ट यांच्या अहवालाने ही सारी साखळी उघड केली. त्यातूनच १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील मिरामार येथे ‘टॉपगन’ ही शाळा सुरू झाली. युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांची कामगिरी कित्येक पटींनी सुधारली. त्यांची विमाने प्रामुख्याने तीच होती. सुधारले ते मुख्यतः प्रशिक्षण.

पडद्यावरचे आकाश

१९९८ मध्ये आलेला ‘फाल्कन ४.०’ आणि त्यानंतरचा ‘डीसीएस’ यांसारखे खेळ केवळ करमणुकीपुरते उरलेले नाहीत. ‘डीसीएस’मधील ‘ए-१०सी’ विमानाच्या आवृत्तीचे मूळ तर अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या प्रशिक्षण-प्रणालीत आहे. हवेचा अवरोध, इंधन संपल्यावर घटणारा वेग, रडारला चकवण्यासाठी घेतलेली आडवी वळणे यांचे गणित हे खेळ बऱ्याच बारकाईने मांडतात. पल्ला हा स्थिर आकडा नव्हे, हे चांगला खेळाडू पुस्तक न वाचताही शिकतो.

तथापि, रडारची नेमकी क्षमता, शत्रूचे रडार निकामी करणारी तंत्रे आणि क्षेपणास्त्रांची प्रतिकारशक्ती या बाबी गोपनीय असतात. तेथे निर्मात्यांना अंदाजाने काम भागवावे लागते. हा अंदाज चुकीचा आहे, हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने ‘वॉर थंडर’ या खेळाच्या चाहत्यांनी लष्करी कागदपत्रे उघड केल्याचे प्रकारही घडले. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘चॅलेंजर २’ रणगाड्याच्या पुस्तिकेतील पाने अशीच बाहेर आली.

याखेरीज शरीराची झीज पडद्यावर येत नाही. गुरुत्वाच्या नऊपट ताण देणाऱ्या वळणात शिरस्त्राणासह ६ किलोचे डोके ५४ किलोचे होते. खेळात पडदा काळवंडतो, एवढेच.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संस्थेने घेतलेल्या आभासी द्वंद्वात संगणकीय वैमानिकाने एफ-१६च्या अनुभवी वैमानिकाला ५-० असे हरवले. मात्र त्या संगणकाला प्रतिस्पर्ध्याची अचूक स्थिती सतत पुरवली जात होती, आणि समोरासमोर येऊन तोफ डागण्याचे त्याचे धाडस प्रत्यक्ष सरावात नियमबाह्य ठरते. तसे तंत्र खऱ्या ‘एक्स-६२ए’ विमानावर आणताना २१ चाचणी-उड्डाणांत आज्ञावलीच्या एक लाखाहून अधिक ओळी बदलाव्या लागल्या. सुरक्षेसाठी वैमानिकही आत बसलेले होते.

वाचकांनी काय पाहावे?

‘आर्मा ३’ या खेळातील दृश्ये खरी युद्धदृश्ये म्हणून फिरवली जात असल्याचा इशारा त्याच्या निर्मात्या कंपनीने २०२२ मध्ये दिला होता. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षातही खेळांतील चित्रफिती खऱ्या म्हणून पसरल्या. अशा वेळी आकडा अथवा दृश्य समोर आले, तर काही साधे प्रश्न विचारावेत. हा पल्ला किती उंचीवरचा? लक्ष्य समोरून येणारे की पळणारे? लक्ष्याची माहिती कोणते रडार पुरवीत होते? वैमानिकाचा सराव किती? उत्तरे नसतील, तर तो आकडा अनुकूल परिस्थितीतली कमाल शक्यता एवढेच सांगतो. त्यावरून युद्धाचा निकाल वर्तवणे घाईचे ठरेल.