वॉलरस परतले, बर्फाचं काय?

आपल्या हर्सूल तलावाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं, की बायांच्या बोलण्यात एकच प्रश्न असतो : यंदा पाऊस कसा होणार? त्या प्रश्नाचा एक धागा शोधायला आपल्या देशाची माणसं थेट उत्तर ध्रुवाजवळ गेली आहेत. आज त्या जागेची गोष्ट.

नॉर्वे देशाच्या ताब्यात स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. तिथे कोंग्सफियॉर्ड ही खाडी आहे. डोंगरावर साठलेला बर्फ हळूहळू खाली सरकतो आणि दरी कोरत जातो, ती हिमनदी. बर्फ मागे हटला आणि त्या दरीत समुद्र शिरला, की झाला फियॉर्ड. इथे उन्हाळ्यात चार महिने सूर्य मावळत नाही. हिवाळ्यात जवळजवळ तितकेच दिवस तो उगवत नाही.

१५९६ साली बॅरेंट्स या डच खलाशाच्या मोहिमेला ही बेटं दिसली. मागोमाग शिकारी आले. देवमाशाच्या चरबीचं तेल दिव्यांना आणि साबणाला लागे. त्याच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या युरोपातल्या बायकांच्या कंबर आवळणाऱ्या कपड्यांत घालत. तिथले देवमासे जवळजवळ संपले. सुळ्यांसाठी वॉलरस मारले, तेही संपत आले.

मग कायदे झाले. १९२५ साली तिथल्या रेनडिअर हरणांना, १९५२ साली वॉलरसना आणि १९७३ साली पांढऱ्या अस्वलांना संरक्षण मिळालं. वॉलरसचे कळप पुन्हा किनाऱ्यावर दिसू लागले. देवमासे मात्र अजून मोजकेच आहेत.

खाडीकाठचं न्यू-ओलेसुंद हे कोळसा खाणीचं गाव. १९६२ साली स्फोटात २१ माणसं गेली आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. आता तिथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ काम करतात. १ जुलै २००८ रोजी भारताचं 'हिमाद्री' केंद्र तिथे सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या संशोधन संस्थेतून चालतो. २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी खाडीच्या पाण्यात यंत्रं सोडली. ती पाण्याची ऊब आणि खारटपणा मोजतात. तिथल्या बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, याचा अभ्यास सुरू आहे.

पूर्वी हिवाळ्यात ही खाडी गोठायची. २००६ पासून बर्फ फार कमी धरतो. तिथली सील मादी गोठलेल्या समुद्रावर, बर्फात घर कोरून पिल्लू घालते. बर्फच नसेल, तर तिनं बाळंतपण कुठे करायचं?

शिकार थांबवायला नॉर्वेचा कायदा पुरला. बर्फ वितळणं मात्र एका देशाच्या कायद्यानं थांबत नाही. कारण धूर जगभरातून निघतो, आपल्याकडूनही. वॉलरस परतले, कारण माणसांनी वेळेत हात आवरला. आता तोच हात सगळ्यांनी मिळून आवरायचा आहे. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.